पटकी, परळ आणि पाच शर्करा

गेल्या जुलैत मला गॅस्ट्रो झाला. कारण सांगण्यासारखं नाही. भर पावसात रस्त्यावर उभं राहून खाल्लेली पाणीपुरी, दोन प्लेट. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ओआरएसची पाकिटं घ्यायला सांगितली. दोन दिवस वर्क फ्रॉम होम, म्हणजे एका बाजूला लॅपटॉप आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली. आजी समोर खुर्चीत बसून बघत होती. तिने एक रिकामं पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नाही.

“ह्याच्यात काय असतं?”

“मीठ आणि साखर. आणखी एक-दोन क्षार असतात, पण मुख्य तेच.”

“नुसतं मीठ-साखर?”

“हो.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला तिच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. अठ्ठावीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतोय, आणि तिला एक धाकटा भाऊ होता हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा इथे नवी मुंबई नव्हती. सिडको आली १९७० साली, ही गोष्ट त्याच्या वीसेक वर्षं आधीची. खाडीकाठची आमची आगरी-कोळ्यांची गावं. थोडी भातशेती, थोडी मासेमारी आणि मिठागरं. आजीचे वडील मिठागरात कामाला होते. उन्हाळा संपता संपता मिठाच्या राशी गवताने शाकारून ठेवायच्या, पावसात विरघळू नयेत म्हणून. त्या वर्षी पहिल्या पावसाबरोबर गावात पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. गावाने मरीआईला कोंबडं दिलं, नारळ फोडले. आजीचा भाऊ पाच वर्षांचा होता. संध्याकाळी जुलाब सुरू झाले आणि उजाडायच्या आत सगळं संपलं. आजीला त्या रात्रीचं एकच आठवतं. तो सारखा म्हणत होता, “आये, पानी दे गो.” आणि त्याला पाणी दिलं नाही. पाणी दिलं की तेच खालून बाहेर पडतं, असं सगळ्यांनाच वाटायचं. तिच्या आईने ओठांना फक्त ओलं फडकं लावलं.

“राशी दारासमोर होत्या,” आजी म्हणाली. “मिठाच्या.”

हे ऐकल्यावर मी जे केलं ते माझ्या पिढीतला कुणीही करेल. रात्री फोनवर वाचत बसलो. साखर नेमकं काय करते? दोन दिवसांत मी एक थिअरी तयार केली आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आत्मविश्वासाने ऐकवलीसुद्धा. थिअरी अशी, की पटकीचे जंतू एक विष सोडतात, ते विष आतड्याच्या पेशींना चिकटतं, साखर मध्ये येते आणि ते चिकटणं थांबवते. ओआरएसमधल्या साखरेबद्दल ही थिअरी साफ चुकीची आहे. ती साखर विषाला हातही लावत नाही.

ओआरएसमधलं ग्लुकोज वेगळं काम करतं. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाट अशी आहे, जिच्यातून ग्लुकोज एकटं जात नाही, मिठातलं सोडियम सोबत घेऊनच जातं. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० साली प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. सोडियम आत गेलं की पाणी त्याच्यामागे जातं. पटकीत आतड्याची बाकी यंत्रणा उलटी फिरलेली असते, पण ही वाट शाबूत राहते. म्हणून नुसतं पाणी पाजलं तर फारसं टिकत नाही, नुसतं मीठ-पाणीही नाही. मीठ आणि साखर जोडीने पोटात गेली की पाणी शरीरात शिरतं. विष आपलं काम करतच राहतं. आपण फक्त जेवढं बाहेर जातंय तेवढं आत भरत राहतो.

पण माझी चुकीची थिअरी पूर्ण फुकट गेली नाही. साखर विषाला पेशीपासून अडवू शकते, हे खरं आहे. फक्त ती साखर वेगळी आणि तिचा इतिहासही वेगळा. हा इतिहास शोधत गेलो तर त्यातली दोन मोठी पावलं परळमध्ये, आचार्य दोंदे मार्ग नावाच्या एकाच रस्त्यावर पडलेली दिसली.

सुरुवात विषापासून करू. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. त्याच्या आधी तीस वर्षं इटलीत फिलिप्पो पाचीनीलाही तो दिसला होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. एक कोडं मात्र उरलं. हे जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत नाहीत, रक्तात जात नाहीत. ते आतड्याच्या पोकळीत राहतात आणि तरी मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी बाहेर ओढतात. कसं? कॉखला तेव्हाच वाटलं होतं की जंतू काहीतरी विष सोडत असणार. ते सिद्ध व्हायला पुढची पंचाहत्तर वर्षं लागली.

इतका वेळ लागण्याचं एक कारण अगदी व्यावहारिक होतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना पटकी होतच नव्हती. मोठ्या सशाला, उंदराला, गिनीपिगला जंतू खायला घाला, ते मजेत. आमच्या भाषेत सांगायचं तर बग प्रॉडक्शनमध्ये रोज माणसं मारतोय आणि टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये तो रिप्रोड्यूसच होत नाही. असा बग कितीही हुशार माणसाला दुरुस्त करता येत नाही.

तो रिप्रोड्यूस करणाऱ्यांपैकी एक गट परळच्या हाफकिन संस्थेत होता. या संस्थेची मुळं प्लेगमध्ये आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना इथे बोलावण्यात आलं. त्याआधी त्यांनी पटकीची लस तयार करून स्वतःला टोचून घेतली होती आणि भारतात हजारो लोकांना दिली होती. १८९९ साली त्यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं. प्लेगचा हा भाग शाळेच्या पुस्तकात येऊन जातो. पुढचा येत नाही.

१९५५ साली याच संस्थेतल्या एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी एक साधी गोष्ट छापली. मोठा ससा दाद देत नाही, पण दूध पिणारं सशाचं पिल्लू देतं. काही दिवसांच्या पिल्लाच्या आतड्यात जंतू गेले की त्याला माणसासारखी पटकी होते, तसेच पाण्यासारखे जुलाब होतात आणि ते मरतं. त्यांना खरं तर औषधं तपासायला एक प्राणी हवा होता. पण एकदा प्राणी मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारता आला: जिवंत जंतू नसतानाही असं होतं का? १९५९ साली दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त दोन पानांचा लेख छापला. जंतू फोडून त्यांचा निर्जंतुक अर्क काढला, तो पिल्लांना दिला आणि पिल्लांना पटकी झाली. एकही जिवंत जंतू नसताना! मारणारी गोष्ट जंतूपासून वेगळी काढता येते, ती एक पदार्थ आहे, हे परळमध्ये दिसलं.

त्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी हेच वेगळ्या रीतीने दाखवलं. मोठ्या सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधायचा, त्यात जंतू गाळून काढलेलं द्रावण सोडायचं आणि तो पाण्याने फुगतो का ते पाहायचं. फुगला. त्यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. श्रेयाचा इतिहास लिहिणारे डे यांना पहिलं स्थान देतात आणि ते योग्यच आहे. त्यांची रीत जास्त स्वच्छ होती आणि जगभर वापरली गेली. त्यांनाही जिवंतपणी फार काही मिळालं नाही. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, तरी १९८५ साली ते गेले तेव्हा आपल्याकडे त्यांचं नाव माहीत असणारे थोडेच होते. पण डे यांच्याबद्दल आता निदान लेख येतात. पानसे आणि कुलकर्णी ही दोन नावं मला मराठीत कुठेही सापडली नाहीत. एक शुद्ध मराठी तक्रार म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

परळच्या कामाचा धागा पुढे अमेरिकेत गेला. १९६४ साली रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी सशाच्या पिल्लांवरच्या पटकीबद्दल जो लेख छापला, त्यात दत्ता सहलेखक आहेत. पुढे १९६९ साली फिंकेलस्टाइन आणि लोस्पलूटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. आता ते बाटलीत होतं. आता विचारता येत होतं की ते पेशीवर नेमकं कुठे बसतं.

इथे साखर येते.

आपल्या प्रत्येक पेशीचा बाहेरचा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा असतो आणि त्यावर शर्करांच्या छोट्या-छोट्या साखळ्या उभ्या असतात. शेवाळलेल्या दगडावर शेवाळ असतं तशा. आपल्या चहातली साखर हा शर्करांचा एक प्रकार; पेशीवर वेगवेगळ्या शर्करा वेगवेगळ्या क्रमाने जोडलेल्या असतात. शरीरातल्या पेशी एकमेकींना ओळखतात ते बऱ्याच अंशी या साखळ्यांवरून. आणि हे ओळखपत्र बाहेरच लटकत असल्यामुळे ते शत्रूलाही वाचता येतं.

याची चाहूल फार आधी, दुसऱ्याच विषाच्या बाबतीत लागली होती. १८९८ साली जर्मनीत वासरमान आणि ताकाकी यांनी गिनीपिगचा मेंदू वाटून तो धनुर्वाताच्या विषात मिसळला. विषाचा मारा गेला. मेंदूतलं काहीतरी विषाला धरून ठेवत होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे गँग्लिओसाइड नावाचे रेणू, हे साठेक वर्षांनी ऑक्सफर्डमधल्या डब्ल्यू. ई. व्हान हायनिंगेन यांनी दाखवलं. गँग्लिओसाइडचा एक पाय पेशीच्या पडद्यात रुतलेला असतो आणि शर्करांची साखळी बाहेर असते. १९७१ साली व्हान हायनिंगेन आणि तीन अमेरिकन डॉक्टरांनी हीच युक्ती पटकीच्या विषावर केली. गँग्लिओसाइड आधी विषात मिसळलं आणि मग ते मिश्रण आतड्यात सोडलं. विष निष्प्रभ झालं.

दोन वर्षांत, १९७३ पर्यंत, नेमका रेणूही कळला. त्याचं नाव जीएम१. त्याच्या डोक्यावर पाच शर्करा: एक ग्लुकोज, दोन गॅलॅक्टोज, एक गॅलॅक्टोजचंच थोडं बदललेलं रूप आणि एक सायलिक आम्ल. विषाच्या रेणूला सहा भाग असतात. पाच सारखे भाग वर्तुळात बसलेले असतात, त्यांचं काम फक्त पकडण्याचं. सहावा भाग त्यांच्यावर स्वार असतो, मारणारा तो. नव्वदच्या दशकात क्ष-किरणांनी या पकडीचं चित्र मिळालं. साखळीचं एक टोक गॅलॅक्टोजचं, दुसरं सायलिक आम्लाचं, आणि विषाच्या खोबणीत ही दोन टोकं चिमटीच्या दोन बोटांसारखी बसतात. पाच हात, पाच चिमटी. एकदा बसलं की सुटत नाही. मग पेशी बिचारी ते सगळं गाठोडं आत ओढून घेते, सहावा भाग सुटा होतो आणि आतलं एक बटण ‘चालू’वर अडकवून ठेवतो. पेशी क्षार बाहेर फेकत राहते, पाणी त्यांच्यामागे जातं. एक्झिट कंडिशन नसलेला लूप.

आता युक्ती उघड आहे. विषाचे हात पेशीवरच्या साखळीला पोचायच्या आत त्यांना तशीच एखादी सुटी साखळी धरायला द्यायची. हात भरलेले असले की दार धरता येत नाही. सायबर सिक्युरिटीत आम्ही हेच करतो: हल्लेखोर खऱ्या सर्व्हरला सोडून भलत्यालाच जाऊन झोंबावा म्हणून एक खोटा सर्व्हर मांडून ठेवतो. त्याला हनीपॉट म्हणतात. मधाचं मडकं. हे नाव ठेवणाऱ्याला पटकीचं विष माहीत नसणार, पण त्याने साखरच निवडली.

आता त्याच रस्त्यावरचं दुसरं पाऊल. त्यासाठी थोडं मागे, १९५२ सालात जावं लागेल.

हाफकिनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांचं रक्त कुठल्याच गटात बसेना. तपासणीत ते ओ गटासारखं दिसायचं, पण खऱ्या ओ गटाचं रक्तही त्याच्याशी जुळत नव्हतं. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या तज्ज्ञांबरोबर हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. जग त्याला आज बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एकाच्या आसपास. या लोकांना रक्त लागलं तर याच गटाचा दाता शोधावा लागतो. तुमच्या फोनवर कधीतरी रात्री अकरा वाजता तसा मेसेज आला असेल.

या लोकांत वेगळं काय असतं? एक शर्करा नसते. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या मुळाशी एच नावाची एकच साखळी असते आणि तिच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा लागते. ए आणि बी गटवाल्यांत त्यावर आणखी एकेक शर्करा चढते, ओ गटवाल्यांत एच तशीच राहते. मुंबई गटात फ्युकोज लावणारं यंत्रच बंद असतं, म्हणून पुढचं काहीच होत नाही. म्हणजे आपण ज्याला रक्तगट म्हणतो तो पेशीवरच्या साखरेचा नमुना आहे. मला हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि बारावीच्या जीवशास्त्रात असलंच तर मी तेव्हा सीईटीची गणितं सोडवत होतो.

त्या ‘लॅन्सेट’च्या लेखातले दोन सहलेखक होते वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. त्याच १९५२ साली या दोघांनी ‘नेचर’मध्ये एक वेगळा प्रयोग छापला, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग तोच. ईल माशाच्या रक्तद्रवात एक पदार्थ असतो, जो ओ गटाच्या पेशींना पकडून त्यांच्या गुठळ्या करतो. या दोघांनी त्यात एकेक सुटी शर्करा विरघळवून पाहिली. बहुतेकींनी काही केलं नाही. फ्युकोज घातलं आणि गुठळ्या होणं थांबलं. पकडणाऱ्या पदार्थाचे हात सुट्या फ्युकोजने भरून गेले होते. त्यावरून त्यांनी ओळखलं की पेशीवर तो जे शोधतोय तेही फ्युकोजच असणार. म्हणजे साखरेने पकड अडवण्याची युक्ती आधी औषध म्हणून आली नाही. पेशीवर कोणती शर्करा आहे हे शोधण्याचं साधन म्हणून आली.

रक्तगट आणि पटकी या दोन गोष्टी एकाच रस्त्यावर कितीतरी वर्षं एकमेकींना न भेटता राहिल्या. १९७०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की ओ गटाच्या लोकांना पटकी जास्त तीव्र होते. गंगेच्या खोऱ्यात, जिथे पटकी शतकानुशतकं नांदते, तिथे ओ गट कमी आढळतो. पटकीने ओ गटवाले वेचून नेले असावेत, असा एक तर्क आहे. पण रक्तगटाचा आणि जीएम१चा संबंध काय? शिवाय आणखी एक अडचण पुढे आली. माणसाच्या आतड्यात जीएम१ फार थोडा असतो. ज्या दाराबद्दल चाळीस वर्षं लिहिलं गेलं, ते दार माणसात जवळजवळ नाहीच!

२०१५ साली अमेरिकेत जेनिफर कोहलर यांच्या गटाने दाखवलं की विष आतड्याच्या पेशींवर फ्युकोज असलेल्या साखळ्यांनाही धरतं. २०१६ साली नॉर्वेतल्या उटे क्रेंगेल यांच्या गटाने क्ष-किरणांनी विषावरची दुसरी खोबण दाखवली, जीएम१च्या खोबणीपासून वेगळी, आणि तिच्यात रक्तगटाची साखळी कशी बसते तेही. भेंड्यांच्या रुग्णांकडे जी शर्करा नव्हती तीच ही. केईएममधली साखर आणि हाफकिनमधलं विष यांची गाठ अशी साठेक वर्षांनी पडली, तीही ऑस्लो आणि डॅलसमध्ये. (यावरून मुंबई गटाच्या लोकांना पटकी होत नाही असा फॉरवर्ड कृपया बनवू नका. विषाला दारं एकाहून जास्त आहेत.) २०१८ साली कोहलर यांच्याच गटाने फ्युकोज असलेले सुटे रेणू विषाशी स्पर्धा करून त्याचं चिकटणं अडवतात, हेही छापलं.

मग हे औषध दुकानात का मिळत नाही?

प्रयत्न झाले. १९८० साली ढाक्यात पटकीच्या रुग्णांना कोळशाच्या भुकटीवर जीएम१ चढवून पाजण्यात आलं. ते ओआरएसची जागा घेऊ शकलं नाही. २००० साली कॅनडात शिगा या दुसऱ्या एका विषासाठी एक रेणू बनवला. त्याला ताऱ्याच्या आकाराचे पाच फाटे आणि प्रत्येक फाट्यावर शर्करांची जोडी. नाव स्टारफिश. सुटी साखळी एका हाताला एकदाच बिलगते आणि पटकन सुटते, पण विषाला पाच हात असतील तर पाचही एकदम भरले पाहिजेत. स्टारफिशची पकड सुट्या शर्करेच्या दहा लाख पटींहून जास्त निघाली. कागदावर जिंकलेली लढाई. पण शिगा विषाविरुद्धच्या अशाच एका शर्करायुक्त पावडरीची मुलांवरची चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली, त्यात काही फायदा दिसला नाही. मूल दवाखान्यात येईपर्यंत विष पेशीत पोचलेलं असतं. चोर घरात शिरल्यावर अंगणात खोटं दार उभं करून काय उपयोग.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती वेळेवर हजर असते, आईच्या दुधात. लिटरभर दुधात अशा शर्करांच्या साखळ्या पाच ते पंधरा ग्रॅम असतात आणि बाळ त्या पचवतच नाही. ऊर्जेसाठी त्यांचा उपयोग नाही म्हणून त्या कशासाठी आहेत हा प्रश्न बराच काळ होता. त्यातल्या काही आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं होतात आणि काही खोट्या दारांचं काम करतात. दुधात अगदी किंचित जीएम१ही असतो आणि तेवढाही पटकीच्या विषाला अडवतो, हे १९८७ साली दाखवलं गेलं. दूध पोटात आधी असतं, जंतू नंतर येतो. सगळा फरक तेवढाच.

इंजिनिअर म्हणून माझा जीव त्या चिमटीत अडकलाय, पाच हातांत, स्टारफिशमध्ये. पण १९७१ साली, व्हान हायनिंगेन यांचा लेख आला त्याच वर्षी, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिंपांत कालवला आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितला. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. विष कुठे बसतं, किती शर्करा धरतं, यातलं काही माहीत नसतानाही हे करता येतं. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून परळ असा गेलो. आचार्य दोंदे मार्गावर केईएमच्या दारात पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर डबे उघडून बसले होते. हाफकिनचं फाटक रविवारमुळे शांत होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. एक चहा घेतला आणि परत आलो.

घरी आजीला सगळं सांगायचा प्रयत्न केला. सशाची पिल्लं तिला आवडली नाहीत. पाच शर्करा तिने ऐकून घेतल्या. मग तिने जे विचारलं ते तिला जुलैपासून विचारायचं असणार.

“तेव्हा पाणी दिलं असतं तर?”

मी टाळणार होतो. मग म्हणालो, “नुसतं पाणी पुरलं नसतं बहुतेक. पण मीठ आणि गूळ घालून, रात्रभर, थोडं थोडं पाजलं असतं, तर वाचला असता. बरीच शक्यता होती.”

“गूळ होता घरात.”

“हो.”

“मीठ किती लागतं?”

“लिटरभर पाण्याला अर्धा चमचा.”

तिने उजव्या हाताची बोटं जुळवली, जणू चिमटीत मीठ धरलंय, आणि हात माझ्यासमोर आणला.

“एवढं?”

“थोडं जास्त.”

तिने बोटं जराशी सैल केली आणि तशीच धरून बसली.